शेऱ्याचा रकाना

माझ्या वहीला अकरा रकाने होते. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरीधंदा, गाव, देवक, कुलदैवत, अपेक्षा आणि शेवटी शेरा. 1998 साली, कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत धावू लागली त्या वर्षी, कणकवलीत घराच्या पडवीत टेबल टाकून मी वधूवर सूचक केंद्र सुरू केलं, तेव्हा हे रकाने पट्टी धरून स्वतः आखले. पहिले दहा घरचे लोक सांगतील तसे भरायचे. अकरावा माझा. मुलगा किंवा मुलगी पाहिल्यावर, घरी जाऊन आल्यावर, शेजारपाजारच्यांकडून कानावर आल्यावर जे वाटलं ते दोन-चार शब्दांत तिथे टिपायचं. ‘सौम्य मंगळ.’ ‘सासू नाही, नणंद घरात.’ ‘डाव्या कानाने कमी ऐकतो, घरचे सांगत नाहीत.’ ही वही मी कोणाला वाचायला देत नसे. सोयरिकी जुळायच्या त्या या अकराव्या रकान्यावर.

त्या रकान्यात मी एकदा चार शब्द लिहिले. त्यांच्याबद्दल हे सगळं लिहिते आहे. माणसांची गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, बाकी जसं घडलं तसं.

मंगळवारी कणकवलीचा बाजार. दहाच्या सुमारास फोंड्याकडच्या, नांदगावकडच्या गाड्या लागल्या की तासाभरात माझ्या पडवीत आया जमायच्या. पिशवीत सुकी मासळी, भाजी, आणि तळाशी प्लास्टिकच्या पाकिटात मुलाचा फोटो. बाजार आणि स्थळ एकाच खेपेत. अशाच एका मंगळवारी, 2006 च्या मार्गशीर्षात, एक आई आली. मुलगा एकोणतीस वर्षांचा, आयटीआय झालेला, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला मोटार रिवायंडिंगचं दुकान. पंप जळला की आमच्या भागातले निम्मे शेतकरी त्याच्याकडेच जात. दुकानात भागीदार एक, आयटीआयपासूनचा मित्र, पलीकडच्या वाडीतला. “दोघांचा भाव-भावासारखा आसा,” आई कौतुकाने म्हणाली. फोटो ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा स्वतः आला. एक ते चार कणकवलीची दुकानं बंद असतात, त्या वेळात. चप्पल पायरीखाली काढून उभाच राहिला.

“काकी, माझ्या पत्रिकेत कडक मंगळ लिवा.”

“तुका मंगळ नाय. मी पत्रिका बघितलंय.”

“म्हायत आसा. तरी लिवा. खय जुळाक नको.”

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. परजातीतली मुलगी असेल असं वाटलं, तसं विचारलं. त्याने मान हलवली. बोटांना तांब्याच्या तारेच्या वार्निशचा पिवळा थर होता, तो नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, “काकी, माका लगीन करूचा नाय. आमी दोघे बरे आसंव. आवशीक ह्या सांगूक जमाचा नाय.”

मला कळलं. कळलं नव्हतं, असं मी पुढे दहा वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या दुपारी त्याने ‘दोघे’ म्हटल्याबरोबर कळलं होतं. मी काय केलं? हसले. “लगीन झाला काय सगळा जाग्यार येता,” म्हटलं. आमच्याकडे हे वाक्य दारूड्याच्या आईला, वेडसर मुलाच्या बापाला, सगळ्यांनाच सांगतात, आणि मीही ते आठ वर्षं सांगत होते. तो गेला. मी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘मुलगा लाजाळू. मित्रांत रमणारा.’

त्याच्यासाठी मुलगी मिळाली ती वैभववाडी तालुक्यातली. आई लहानपणीच गेलेली, वडील मुंबईत गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर खचून गेलेले, मुलगी काकाकडे वाढलेली. बारावी, शिवणकाम येतं. अपेक्षेच्या रकान्यात तिने एकच शब्द सांगितला होता, निर्व्यसनी. तिच्या शेऱ्यात माझ्याच अक्षरात आहे: ‘मुलगी समजूतदार. तडजोड करील.’ दोन्ही शेरे समोरासमोर ठेवूनच मी ही जोडी जुळवली, हे आता लपवण्यात अर्थ नाही. ज्याला बायको नको आहे त्याला न भांडणारी बायको दिली, म्हणजे दोन्ही घरं सुखी. 2007 च्या वैशाखात लग्न झालं. मांडवाची रोषणाई त्या मित्राने केली. लग्नाच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत तो शिडीवर चढून माळा बांधत होता, आणि खाली नवरामुलगा वायर सोडत होता. ते पाहताना माझ्या पोटात तुटल्यासारखं झालं होतं. तरी सकाळी मी जरीची साडी नेसून मुहूर्ताला हजर राहिले.

चौदा महिन्यांनी ती आली. पाऊस धो धो, गड नदीला पूर, गाड्या उशिरा. छत्री उलटी करून दारात ठेवली आणि पडवीत माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. वही टेबलावर उघडी होती. रडली नाही. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, पैसे हातात देतो, आजारी पडले तर डॉक्टरकडे नेतो. “बोलता बरा. पण माझ्याकडे बघणा नाय. रात्री दुकानातच निजता.” गावाने मात्र तिलाच धरलं होतं. मूल होत नाही म्हणून देवाला कौल लावून झाला होता, नारळ ठेवून झाले होते, कोल्हापूरला नेऊन तिच्याच सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. नवऱ्याची एकही नाही. सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, “काकी, तुमका म्हायत होता काय?”

“नाय गे बाय,” मी म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. चहा पिऊन गेली.

आता जे लिहायचं ते त्या ‘नाय’ नंतरच्या वर्षांचं आहे.

आधी तिच्या काकांनी कायद्याची भाषा सुरू केली. भारतीय दंड संहितेचं कलम 377, 1860 सालचं, इंग्रजांनी लिहिलेलं. त्यात अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. हिंदू विवाह कायद्यातही, 1955 पासून, पत्नीला ज्या कारणांवरून घटस्फोट मागता येतो त्यात हे एक कारण लिहिलेलं आहे. काकांचं म्हणणं होतं की फिर्याद करू, दोघांना आत घालू, दुकान लिहून घेऊ. मुलीने त्यांना अडवलं. “तेका जेलात घालून माका काय गावतला?” एवढंच तिने मला फोनवर सांगितलं होतं. त्याच काळात, 2 जुलै 2009 ला, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात निकाल दिला, की सज्ञान माणसांच्या संमतीच्या, खासगी संबंधांना हे कलम लावता येणार नाही. तिच्या वकिलांनी तो काकांना समजावला. शेवटी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. तिने पोटगी घेतली नाही, शिवणयंत्र घेतलं. पुढे 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा तो निकाल फिरवला. तेव्हा मी वर्तमानपत्र हातात धरून विचार करत बसले, की हा घटस्फोट चार वर्षं लांबला असता तर त्या दोघांचं काय झालं असतं?

मी वाचायला लागले ती या सगळ्यानंतर, आणि अपराधी मनानेच. तोवर या विषयावर मराठीत काही छापलेलं असेल हेच मला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी हाती आली. हा माणूस स्वतः लग्न आणि घटस्फोट या दोन्हींतून गेलेला, आणि 2002 मध्ये त्याने पुण्यात समपथिक ट्रस्ट ही संस्था काढली. माझं केंद्र तेव्हा चार वर्षांचं होतं. मी पत्रिका जुळवत होते आणि घाटाच्या वर कोणीतरी अशाच जुळवलेल्या लग्नांत अडकलेल्या मुलांशी बोलत बसला होता.

मग मागे मागे जात राहिले. रघुनाथ धोंडो कर्वे आमच्या कोकणातलेच, दापोलीजवळच्या मुरुडचे. 1927 पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यात ते सरळ उत्तरं देत. समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही त्यात असत. अशा प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या प्रश्नाला मी 2006 मध्ये हसले, त्याला उत्तर मिळायला हवं म्हणून आमच्याच कोकणात मूळ असलेली ही दोन माणसं बहात्तर वर्षं आधी कोर्टात उभी राहिली होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

1982 चा ‘उंबरठा’ मी कोल्हापूरला मामाकडे असताना थिएटरात पाहिला होता. स्मिता पाटीलची सुलभा, घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक झालेली. पंचवीस-तीस वर्षांनी तो पुन्हा पाहिला. आश्रमातल्या दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम आहे, ते उघडं पडल्यावर गदारोळ होतो, आणि सुलभा काय करते, हा त्या गोष्टीचा मोठा भाग आहे. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं! सुलभाचं घर आठवत होतं, तिची मुलगी आठवत होती, गाणी पाठ होती. त्या दोघी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या आणि मी त्यांना पाहिलंच नव्हतं. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. आदल्या वर्षी त्यांचंच ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आलं होतं, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं. रोहिणी हट्टंगडींनी ती सुमित्रा उभी केली होती. ही सुमित्रा शेवटी जीव देते. 1981, म्हणजे आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला ते वर्ष. कणकवली नाटकवेड्यांचं गाव. नाटकांवर इथे रात्ररात्र बोलणं चालतं. तरी सुमित्राबद्दल कोणी बोललेलं माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

इथे एक गोष्ट बाजूला काढून सांगायला हवी. हा विषय आमच्याकडे निघाला की लोक लगेच दशावतारातल्या स्त्रीपात्र करणाऱ्या नटांची नावं घेतात. ते चूक आहे आणि त्या कलावंतांवर अन्याय आहे. जत्रेच्या रात्री साडी नेसून पहाटेपर्यंत उभा राहणारा नट ही कला करतो. त्यावरून तो कोणावर प्रेम करतो हे ठरत नाही. आणि ज्यांच्याबद्दल मी लिहिते आहे ती माणसं पंप दुरुस्त करतात, काजूच्या कारखान्यात बी सोलतात, बँकेत टोकन देतात. त्यांना रंग लावलेला नसतो, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत.

दिसत नाहीत म्हणते, पण गावाला माहीत असतं. हे मला उशिरा समजलं आणि हेच मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. आंब्याच्या राखणीला दोघे मित्र मांगरात महिना महिना राहतात, कोणी विचारत नाही. दोन विधवा बाया एका चुलीवर जेवतात, एका अंथरुणावर निजतात, म्हाताऱ्या होतात, गावाला त्यांच्याबद्दल मायाच असते. गाव खवळतं ते कोणी ‘मी लग्न करणार नाही’ म्हटलं की. प्रेमाकडे कानाडोळा चालतो, नकाराकडे चालत नाही. कारण त्या नकारातून गणपतीला घर कोण उघडणार, वडिलोपार्जित घरात दिवा कोण लावणार, सातबाऱ्यावर पुढचं नाव कोणाचं, बारा-पाचाच्या मानाला कोण उभा राहणार, हे सगळे प्रश्न निघतात. आणि हे प्रश्न खोटे नाहीत. कुलूप लागलेली घरं मी दर पावसाळ्यात कोसळताना पाहते. आयांची भीती मला कळते. मी स्वतः आई आहे. पण त्या भीतीवर आम्ही जो उपाय काढला आहे तो असा, की लांबच्या गावची, शक्यतो आई नसलेली, शक्यतो गरीब घरची एक मुलगी आणायची आणि आपल्या घरातला प्रश्न तिच्या अंगावर घालायचा. मुलगा निदान दुकानात जाऊन झोपतो. तिला जायला दुकान नसतं. आणि हा उपाय आईबापांना एकट्याने करता येत नाही, त्यांना मध्यस्थ लागतो. ती मी होते.

2016 मध्ये दुसरी गोष्ट माझ्या दारात आली तेव्हा मी थोडी तयार होते. काजूच्या कारखान्यात जाणारी सत्तावीस वर्षांची मुलगी. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीसोबत तिने भाड्याची खोली घेतली होती. वडील आणि भाऊ आले. “खयचाय स्थळ चलात. बिजवर चलात. मुंबयचा नको, लांबचा बघा.” एवढी घाई का, हे मी विचारलं नाही. म्हटलं, मुलीला पाठवा, एकटीला. भाऊ कबूल होईना. वडिलांनी शेवटी आणून सोडलं आणि रस्त्यापलीकडे टपरीवर बसून राहिले.

मी तिला आत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. विचारलं, “बाय, तुका लगीन होया काय?” अठरा वर्षांत हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता. कसा नवरा हवा, हे विचारायची. हवा का, हे नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाच-दहा मिनिटं ती नुसती रडली. मग जे सांगितलं त्यात घरी डांबून ठेवणं होतं, बाहेरची बाधा आहे म्हणून भगताकडे नेणं होतं, धुरी होती, पाठीवर वळ होते. 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा त्यात गुन्हा आहे. हे मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं.

वडिलांना मी सांगितलं, तिची नोंद मी करणार नाही. ते म्हणाले, दुसरीकडे करू. मी म्हटलं, करा, पण ज्याच्या घरी द्याल त्याच्या दारात जाऊन मी खरं सांगीन. हे बोलताना माझे पाय थरथरत होते. पुढे चार महिने आमच्या पडवीत त्या वाडीचं कोणी आलं नाही. बाजारात माझ्याशी बोलणं तोडलं. त्या दोघी एका संध्याकाळी रेल्वेने मुंबईला गेल्या. कणकवली स्टेशनवर आजवर हजारो चाकरमान्यांना पोटासाठी गाडीत बसताना पाहिलं आहे. या दोघी जगायला जात होत्या. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट आहे, बायकांसाठी 1995 मध्ये सुरू झालेलं स्त्री संगम, म्हणजे आताचं लेबिया, आहे. त्यांची नावं मी कागदावर लिहून तिच्या मुठीत दिली होती. दोघी आता उपनगरात राहतात, एक मॉलमध्ये काम करते. गणपतीला येत नाहीत.

11 मार्च 2024 ला केरळच्या अशाच दोघींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या उच्च न्यायालयांना सूचना दिल्या. घरच्यांनी अडवून ठेवलेल्या माणसाला न्यायाधीशांनी आपल्या दालनात, घरच्यांच्या दबावापासून दूर बोलावून त्याची इच्छा विचारावी, आणि समुपदेशनाच्या नावाखाली त्याचं मन वळवायला जाऊ नये. मी ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे. स्वयंपाकघराचं दार लावून विचारण्याला एवढी किंमत आहे.

आता आया माझ्याकडे वेगळ्या कारणांनीही येतात. एक बाई मुलाला ‘बरं’ करून देणाऱ्या कोणा डॉक्टराकडे घेऊन चालली होती, पंधरा हजार रुपये आगाऊ भरून. मी तिला बसवून सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये, दोन मुलींनी घरच्यांपासून संरक्षण मागितलं त्या खटल्यात, असले उपचार थांबवायला सांगितले, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे जो डॉक्टर बरं करतो म्हणेल, तोच गैरवर्तन करतो आहे. बाई म्हणाली, “मग मी काय करू?” मी म्हटलं, त्याच्यासोबत जेवायला बस. यापेक्षा मोठं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

काही जणांना वाटतं, असल्या गोष्टी चारचौघांत बोलून गावाचं नाव खराब होतं. त्यांना मी पटवर्धन चौकाकडे बोट दाखवते. आप्पासाहेब पटवर्धनांनी वागद्यात गोपुरी आश्रम काढला आणि मैला, संडास, मेलेली जनावरं हे शब्द कणकवलीला उघड बोलायला लावले. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आता चौकाला त्यांचं नाव आहे.

6 सप्टेंबर 2018. गणपतीला आठवडा उरला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेज जोहर खटल्यात कलम 377 चा तो भाग रद्द केला. दुपारी बंदच्या वेळात पायरीखाली चप्पल काढल्याचा आवाज आला. बारा वर्षांनी तो आला होता. केस पिकलेले, बोटांना तेच पिवळं वार्निश. दुकान चालूच होतं, भागीदारही तोच. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. शेवटच्या आजारात तिचं सगळं त्या मित्रानेच केलं, हे मला गावातून कळलं होतं.

“काकी, आता आमी गुन्हेगार नाय मा?”

“नाय रे झिला,” मी म्हटलं. आणि मग जे बारा वर्षं घशात होतं ते बोलले. तू सांगितलंस तेव्हा मला कळलं होतं. मी ऐकलं नाही. माझं चुकलं. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं आहे, की या माणसांना आणि त्यांच्या कुटुंबांना इतक्या वर्षांच्या अपमानाबद्दल इतिहासाने माफी मागायला हवी. मला ते रात्री टीव्हीवर कळलं. दुपारी मी फक्त माझ्या वाटणीची मागितली होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माका सोडा, काकी. तिका सांगा.”

त्या दोघांचं लग्न आजही मी लावू शकत नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेचं काम आहे. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. दुकान दोघांच्या नावे भागीदारीपत्रावर आहे, म्हणून ते सुरक्षित. उद्या एक आजारी पडला तर दुसरा इस्पितळाच्या कागदावर कोण म्हणून सही करणार, हे कोणी सांगत नाही. मला हा निकाल चुकीचा वाटतो. लग्नं जुळवण्यात आयुष्य गेलेली बाई म्हणून वाटतो. मी लावलेल्या कितीतरी लग्नांत या दोघांच्या निम्मीही सोबत मी पाहिलेली नाही.

तिला सांगायला मी 2018 च्या दिवाळीनंतर गेले. तळेऱ्याच्या तिठ्यापासून थोडं आत तिचं शिवणकामाचं दुकान आहे, दोन मुली हाताखाली. शाळेचे गणवेश रचून ठेवलेले. मला बघून तिने स्टूल पुढे केलं आणि मशीन चालू ठेवलं. मी म्हटलं, “त्या दिवशी तू विचारलंस. माका म्हायत होता.”

तिने शिवण टोकापर्यंत नेली, पाय थांबवला, दोरा कापला. “माका त्याच दिवशी कळला होता,” ती म्हणाली. “मी विचारलंय आणि तुमी वही बंद केलात.”

मग तिने हाताखालच्या मुलीला चहा आणायला पाठवलं. तास-दीड तास बसले. निघताना मी विचारलं, तुझ्यासाठी स्थळ बघू का, तुला हवंय का? नको म्हणाली. मी नोंद केली नाही.

वहीला आता बारा रकाने आहेत. बारावा ‘स्वतःला हवंय का’. माणसाला एकट्याला विचारल्याशिवाय आणि विचारल्याची तारीख घातल्याशिवाय मी पहिल्या रकान्यातलं नाव पक्क्या शाईने लिहीत नाही. आजपर्यंत सतरा जणांनी त्यात ‘नाही’ सांगितलं आहे. कारण सगळ्यांचं एकच नसतं, मी विचारतही नाही. 2006 च्या वहीतले ते दोन शेरे मी खोडलेले नाहीत. त्यांच्याखाली तळेऱ्याहून आले त्या दिवसाची तारीख घालून एक ओळ लिहिली आहे: मला माहीत होतं.